तोंडात काय काय गेलं

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीही पाहिल्या. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. कोणता आरोपी कोणत्या ठाण्याचा, हे आठवायला वेळ लागतो. पण ही एक घटना तारखा सोडल्या तर सगळीच्या सगळी डोळ्यांपुढे आहे. नावं कोणाचीच देत नाही. माणसं त्यांच्या नात्यांनीच ओळखू यावीत, एवढं पुरे.

नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी सातारकडचा. फौजदार म्हणून माझी बदली बुलढाणा जिल्ह्यात, दक्षिणेकडच्या एका तालुक्याच्या ठाण्यात झाली. भाषा मराठीच, पण पहिले काही महिने मला फिर्यादी दोनदा विचारून घ्याव्या लागत. 'काऊन' म्हणजे 'का', हे मला ठाण्याच्या हवालदाराने शिकवलं. हवालदार इथलाच, नोकरीत मुरलेला, माणूस भला. पण फिर्याद ऐकता ऐकताच आरोपी ठरवून टाकायची त्याला सवय होती.

एके सकाळी स्टेशन डायरी लिहीत होतो. सुलतानपूरच्या बाजूच्या एका गावचे पोलीस पाटील सायकल मारत आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "साहेब, गावात जहराची केस हाय. धोत्रा चारला म्हणतात बुढ्याले."

"कोणी?"

"सुनेनं. त्याची लेकच सांगून राह्यली."

तो म्हातारा माळव्याचा, म्हणजे भाजीपाल्याचा, बागाईतदार होता. वांगी, मिरची, कोथिंबीर. विहिरीला पाणी बरं, दारात म्हैस. बायको मागेच वारली होती. घरात मुलगा आणि सून. मुलगी लोणारात दिलेली. बापाला जेवण जात नाही असं कळल्यापासून ती माहेरीच येऊन राहिली होती. गेले काही दिवस म्हातारा उलट्या करत होता, भलतंच बोलत होता, माणसं ओळखत नव्हता. कालपासून नुसता गुंगीत.

धोत्र्याचा संशय आला यात नवल नव्हतं. गावखरीला, उकिरड्यावर धोत्रा मोप उगवतो. एसटीत प्रवाशाला धोत्र्याचे पेढे चारून लुटल्याची एक केस आमच्याच ठाण्यात नुकतीच झाली होती. धोत्रा पोटात गेला की माणूस बरळतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

जीप घेऊन गेलो. म्हातारा ओसरीवर बाजेवर पडला होता. हाक मारली की डोळे उघडायचा, "पाणी, पाणी" म्हणायचा आणि पुन्हा मिटायचा. मी नाव विचारलं तर त्याने आपल्या मेलेल्या बैलाचं नाव सांगितलं. उशाशी बसलेली लेक मला पाहताच उठली आणि हात लांब करून स्वयंपाकघराकडे दाखवत म्हणाली, "ते पाहा साहेब, ते उभी हाय. इचारा तिले, काय चारलं माह्या बापाले!"

दारात सून उभी होती. डोक्यावर पदर, नजर खाली, पण रडत नव्हती. न रडणारी बाई गावाला आणि पोलिसाला दोघांनाही खटकते. त्या वेळी मलाही खटकली.

भांडणाचं कारण पोलीस पाटलाने वाटेतच सांगितलं होतं. सून सातवी पास होती, व्हर्नाक्युलर फायनल. नव्याने झालेल्या जिल्हा परिषदेने शाळांसाठी शिक्षिका नेमायला घेतल्या होत्या. हिने गपचूप अर्ज केला आणि त्याच गावच्या शाळेवर नेमणूक आली. सासऱ्याने घर डोक्यावर घेतलं. "माळ्याची सून मास्तरीण होईन तं वांगे कोन तोडीन?" असं तो चावडीवर बसून बोलला होता, आणि ते सगळ्या गावाने ऐकलं होतं.

त्या नेमणुकीची दुसरी बाजू मला एकट्यालाच माहीत होती. रुजू होण्याआधी चारित्र्य पडताळणी लागते. तिचा तो कागद जिल्ह्याहून माझ्याच टेबलावर आला होता आणि सहीची वाट पाहत होता. शाळा उघडायच्या आत गेला नाही, तर नेमणूक यादीतल्या पुढच्या बाईला जाणार होती. आणि विष घातल्याच्या गुन्ह्यात जिची चौकशी चालू आहे तिच्या चारित्र्यावर कोणता फौजदार सही करेल?

म्हाताऱ्याला जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं आणि पंचांना घेऊन घराची झडती सुरू केली. स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ, तुरीची डाळ, तिखट, मीठ. संशयास्पद काही नाही. मग हवालदाराने ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि ओरडला, "साहेब!"

तळाशी फडक्यात गुंडाळलेला पत्र्याचा डबा होता. आत पांढरी भुकटी. डब्यावरचा कागद नखाने खरवडून काढलेला.

"हे काय आहे बाई?" मी सुनेला विचारलं.

"मले ठाऊक नाही."

"तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या ज्वारीत, आणि तुम्हाला ठाऊक नाही?"

"नाही ठाऊक," ती म्हणाली. "जेवढ्या बार इचारसान, तेवढ्या बार हेच सांगीन."

मुलगा शेजारीच उभा होता. त्याच्याकडे पाहिलं तर तो छपराकडे पाहत होता. घाबरला असेल, असं मी धरून चाललो. घाबरलेला होताच, कशाला, ते पुढे कळलं.

भुकटी पंचांसमक्ष सीलबंद केली. सुनेला जबाबासाठी ठाण्यात नेलं. तो नेमका बाजाराचा दिवस होता. तालुक्याच्या बाजारातून, माणसं बाजूला करत, भोंगा वाजवत आमची जीप गेली आणि मागे ती पदर ओढून बसलेली. तिला आडवाटेने नेता आलं असतं. ते सुचायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

त्या काळी ठाण्यात बाई पोलीस नसे. चौकशीला बाई आणली की गावच्या सुईणीला नाहीतर कोतवालाच्या बायकोला सोबत बसवायचं, आणि उन्हं उतरायच्या आत घरी पोचवायचं, हा माझा शिरस्ता. कोतवालाची बायको सुपारी कातरत बसली आणि मी विचारायला सुरुवात केली.

"सासऱ्यांना काय खायला दिलं? गेल्या आठवड्यातलं सगळं सांगा."

"भाकर. वरण. कधी पिठलं. वांग्याची भाजी. जे सगळे जेवले तेच मामाजीले."

"वेगळं काही?"

"त्याहिले भाकर जात नव्हती तं वरणात कुस्करून देली. बाकी काही नाही खाल्लं त्याहिनं."

"तुमचं भांडण झालं होतं."

"हो झालं. मामाजी बोलले, मी बी बोलली." मग पहिल्यांदाच वर पाहून म्हणाली, "साहेब, ज्याच्याशी मोकळं भांडता येते त्याले कोनी जहर देते का? जहर तं ज्याच्यापुढं तोंड उघडता येत नाही त्याले देतात."

कोतवालाच्या बायकोचा अडकित्ता थांबला. मी ते वाक्य जबाबात घेतलं नाही, कारण तो पुरावा नव्हता. पण आजपर्यंत विसरलो नाही.

दवाखान्याचे डॉक्टर तरुण होते, नागपूरला शिकलेले. संध्याकाळी त्यांना भेटलो.

"धोत्रा?" मी विचारलं.

"मला नाही वाटत," ते म्हणाले. "धोत्र्यात डोळ्यांच्या बाहुल्या थाळीएवढ्या होतात. याच्या नेहमीसारख्या आहेत. तहान आहे, लघवी फार, पोट बांधलेलं, उलट्या, गुंगी. काहीतरी गेलंय खरं. काय ते सांगता येत नाही. सलाईन लावलंय. उलटीचा नमुना तुमच्याकडे देतो, पाठवा."

नमुना आणि भुकटी रासायनिक विश्लेषकाकडे रवाना केली. तिथून अहवाल यायला किती दिवस लागतात, हे पोलीस खात्यात कोणाला सांगायला नको.

इकडे म्हातारा सुधारू लागला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याने लेकीला ओळखलं. मग डॉक्टरांना शिव्या दिल्या. "हे बाटलीतलं पानी कोनाच्या बापाचं चढवून राह्यले? चहा द्या ना एखाद कप!" दवाखाना हसला. हवालदार मात्र हसला नाही. माझ्यापुढे येऊन त्याने बोटांवर मोजून दाखवलं.

"साहेब, घरचं खानं बंद, अन् बुढा चांगला. डबा सुनेच्या ज्वारीत. भांडन सुनेशी. अजून काय पाह्यजे? अहवाल येत राहीन. अटक करून टाका."

त्याच्या म्हणण्यात खोट काढणं अवघड होतं. मी अटकेचा विचार जवळजवळ पक्का केला. पडताळणीचा कागद टेबलाच्या खणात ढकलला. सून गावातच होती. कोतवालाला घरावर नजर ठेवायला सांगितलं होतं. आणि दवाखान्यात म्हाताऱ्याच्या खोलीच्या दाराशी एक शिपाई बसवला होता, बाहेरचं काही आत जाऊ नये म्हणून.

आणि अशात म्हातारा पुन्हा ढासळला.

सकाळी दवाखान्यातून बोलावणं आलं. पुन्हा उलट्या, पुन्हा बरळणं, पुन्हा "पाणी, पाणी". मी कोतवालाला बोलावून घेतलं. त्याने शपथेवर सांगितलं, सून घराबाहेर पडलेली नाही, विहिरीवर गेली तीही शेजारणीबरोबर. म्हणजे जिच्यावर संशय, ती कित्येक मैल दूर. आणि विष तर पुन्हा पोटात गेलं.

दारावरच्या शिपायाला समोर उभं केलं.

"आत काय गेलं?"

"काहीच नाही साहेब. आपल्या पोराची आन."

"कोण आलं?"

"लेक असते दिवसभर. पोरगा येते-जाते. पन खानं काहीच नाही गेलं. दवाखान्याचीच पेज."

डॉक्टर बाजूला उभे होते. त्यांनी सहज विचारलं, "काहीच नाही? पाणीसुद्धा नाही?"

"पानी तं हाय ना. अन् दूध."

"दूध?"

"लेक पाजते तांब्या भरून. दिवसातून चार-पाच बार. पोरगा आनते, घरच्या म्हशीचं हाय साहेब, बजारचं नाही." शिपायाच्या चेहऱ्यावर खरोखर काही चुकल्याचा भाव नव्हता. "दुधाले कुठं खानं म्हनतात?"

डॉक्टर एकदम सावध झाले. "आणखी काय नाही म्हणतोस तू खाण्यात?"

"पान. बुढ्याले पान लागते. अन् लेक पोटासाठी खार देते चिमूटभर. तो तळ्याचा खार साहेब, औषध थोडी हाय!"

डॉक्टरांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. त्या क्षणी मला कळलं की मी गेले कित्येक दिवस चुकीचा प्रश्न विचारत होतो. 'काय खाल्लं' असं विचारलं की आपल्याकडचा माणूस भाकरी, भाजी, वरण सांगतो. दूध तो पितो, पान चघळतो, चुना लावतो, खार चिमटीने टाकतो. यातलं काहीच त्याच्या हिशेबी 'खाणं' नसतं. उपासाच्या दिवशीही जे चालतं, त्याला खाणं कोण म्हणणार? घरच्या तिघांचे आणि या शिपायाचा असे मी चार जबाब घेतले होते, आणि विचारलेल्या प्रश्नापुरते चारही खरे होते.

त्याच दुपारी सगळ्यांना दवाखान्याच्या ओट्यावर बोलावलं. सुनेला आणायला जीप पाठवली. एकेकाला वेगळं बसवून नवा प्रश्न विचारला: उठल्यापासून निजेपर्यंत म्हाताऱ्याच्या तोंडात काय काय गेलं?

आधी लेक. "बाबाले पित्त हाय," ती म्हणाली. "आमच्या लोनारच्या तळ्याचा खार पित्तावर लय चांगला. दुधात टाकला का जळजळ पटकन बसते. म्या आली तेव्हापासून देऊन राह्यली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, अन् जळजळ झाली का मधातही."

"पाण्यात का नाही?"

"पान्यात खारट लागते, बाबा थुकून टाकतात. दुधात चालते."

मग सून. "दूध मी बी देत होती," ती म्हणाली. "भाकर जात नाही तं आंगात काहीतरी जावं म्हनून. तांब्याभर सकाळी, तांब्याभर सांजी." मग तिने पुढे सांगितलं, "ननदबाईनं देलेलं येगळं, माहं येगळं. आमी एकमेकीशी बोलत नव्हतो ना."

मुलगा शेवटी. तो ओट्याच्या कडेला बसला होता, पाय हलवत. मी तोच प्रश्न विचारला. तो पुन्हा वर छपराकडे पाहू लागला. डॉक्टर पुढे झाले आणि अगदी हळू म्हणाले, "बापाला वाचवायचं असेल तर आत्ता सांग. जो डबा सापडला, त्यात काय होतं?"

तो एकदम फुटला. "हाडाची पावडर होती हो डाक्टरसाहेब! कॅल्शियम! बाबाचे गुडघे दुखतात. खामगावच्या बजारातून आनली. दुकानदार म्हने दोन चमचे, मी चार टाकत होतो, लवकर गुन यावा म्हनून. पन बाबा डाक्टरी दवा घेत नाहीत, अंगावर येतात. मंग मी म्हशीचं दूध काढलं का त्यातच कालवत होतो. डबा ज्वारीत लपवला तो मीच. नाव खरवडलं तेही मीच."

"आणि आम्ही डबा धरला तेव्हा का नाही बोललास?" मी विचारलं.

"भ्यालो. वाटलं, याच्यानंच झालं असन बाबाले. मंग मलेच धरतीन."

सून दहा पावलांवर उभी होती. सगळं तिच्या कानावर गेलं. ती नवऱ्याजवळ आली. मला वाटलं, आता हिचा बांध फुटणार. तिने फक्त विचारलं, "इतके दिवस तुमच्या तोंडात काय होतं? पान होतं का?"

कोतवालाची बायको, जी तेव्हाही सोबतीला आली होती, तिने तोंडाला पदर लावला. मी हसू आवरलं. हवालदाराला ते जमलं नाही.

डॉक्टरांनी मग आम्हाला समजावून सांगितलं. मी ते जसं समजलो तसं लिहितो. दुधात कॅल्शियम असतं, पावडरीत तेच, पानाच्या चुन्यातही तेच. एकेकटं घेतलं तर धडधाकट माणूस सहन करतो, जास्तीचं लघवीवाटे बाहेर टाकतो. पण त्याच्या जोडीला खार, म्हणजे सोडा, सतत पोटात जात राहिला, तर ते बाहेर टाकण्याची वाट अडते. रक्तात कॅल्शियम साठत जातं. मग तहान, उलट्या, गुंगी, बरळणं, आणि वेळीच थांबलं नाही तर मूत्रपिंडं जातात. अल्सरच्या रोग्यांना दूध आणि सोडा यांचा मारा केला की असं होतं, हे त्यांनी शिकताना पाहिलं होतं. पहिल्यांदा म्हातारा सुधारला, कारण दवाखान्यात सगळंच थांबलं होतं. मग लेकीने मायेने दूध, खार आणि पान पुन्हा सुरू केलं, आणि आधीचं अजून पुरतं निघालेलं नव्हतं.

लेक हे ऐकत होती. तिने विचारलं, "म्हनजे म्या मारून राह्यली होती बापाले?"

"एकट्या तुम्ही नाही," डॉक्टर म्हणाले. "चौघांनी थोडं थोडं. आणि चौथे ते स्वतः."

दूध, खार, चुना, पावडर, सगळं बंद. रक्ताचा नमुना एका शिपायाबरोबर नागपूरला धाडला. तिथून उत्तर आलं ते डॉक्टर म्हणत होते तसंच. पुढे रासायनिक विश्लेषकाचाही अहवाल आला: उलटीत विष नाही, भुकटी कॅल्शियमची. तोवर म्हातारा उठून बसला होता आणि पान मिळत नाही म्हणून सगळ्या जगावर चिडला होता.

त्याचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. विचारलं, "बाबा, एवढं दूध कशाला पीत होता?"

"कोनाले आवडते साहेब दूध? लहानपनापासून मले आवडत नाही." त्याने हात हवेत उडवले. "पन लेक देते, तं तिले वाटते सुनेच्या हातचं पेतो, माह्या हातचं नाही. सून देते, तं तिले वाटते भांडनाचा राग धरला. पोरगा उभाच राह्यते, पेलं का नाही पाह्याले. कोनाले नाही म्हनू? सगळ्यायचं पेलं."

चुन्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "चुना हाडाले चांगला. म्हनून मी बोटभर लावत होतो." मग जरा ओशाळून म्हणाला, "पोराले माहीत असतं तं पावडर कायले आनली असती? अन् मले माहीत असतं तं चुना कायले लावला असता? आमच्या घरात कोनी कोनाले काही सांगतच नाही साहेब. नुसतं देत राह्यतात."

मी खणातून पडताळणीचा कागद काढला, सही केली आणि टपालाची वाट न पाहता एसटीने बुलढाण्याला शिपाई पाठवला. कागद वेळेत पोचला. माझ्या मते माझं काम संपलं होतं.

पण गावात ते संपलं नव्हतं. पोलीस पाटील सांगत आले की शाळेत पोरं पाठवायला काही घरं कां-कूं करत आहेत. जीपमधून नेलेली बाई. तिच्या हाताखाली पोरं कशी द्यायची? गुन्ह्याचा कागद 'सी' समरीसाठी कोर्टात गेला होता, म्हणजे गैरसमजातून नोंदलेला गुन्हा. पण ती समरी गावाला वाचून कोण दाखवणार? आणि वाचून दाखवली तरी कोण मानणार?

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी गावात गेलो. दवंडी पिटावी, चावडीवर चार शब्द बोलावेत, असा विचार होता. चावडीपुढे आधीच माणसं जमलेली. मधे घोंगडीवर म्हातारा बसलेला, काठी बाजूला ठेवून. मला पाहून ओरडला, "या फौजदारसाहेब, बसा. जेवाची वेळ झाली."

मग घराकडे तोंड करून हाक मारली, "मास्तरीणबाई! आन वं भाकर!"

सून परडी घेऊन आली. ज्वारीच्या भाकरी, भरली वांगी, मिरचीचा ठेचा. म्हाताऱ्याने तिच्या हातून भाकरी घेतली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि तोडून खाल्ली. तोंडात घास असतानाच बोलला, "ज्याले जहर देल्लं म्हनतात तो मी. पाहून घ्या. मी खाऊन राह्यलो. ज्याले भ्या वाटते त्यानं नको खावं, अन् त्यानं आपलं पोट्टं घरीच ठेवावं, वांगे तोडाले!"

कोणीतरी हसलं. मग लेक पुढे आली, तीच लेक, जिने माझ्यापुढे हात लांब केला होता. तिने परडीतली भाकरी उचलली आणि सगळ्यांपुढे वहिनीसमोर धरली. "वयनी, अर्धी तुमी, अर्धी मी." दोघींनी खाल्ली. मीही हात पुढे केला. खाकी घालून चावडीवर जेवणं शिस्तीत बसत नव्हतं, पण त्या दिवशी ते नियमात नसलं तरी कामात होतं. वांगी झणझणीत होती. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिखटाचंच होतं असं मी सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. नोकरी संपेपर्यंत ती बाई त्याच भागात शिकवत राहिली आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. म्हातारा पुढे बरीच वर्षं जगला, बिनदुधाचा आणि, डॉक्टरांच्या समोर तरी, बिनपानाचा.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? एक तर, प्रश्न नीट विचारायला. यानंतर विषबाधेच्या प्रत्येक तपासात मी 'काय खाल्लं' असं कधीच विचारलं नाही. तोंडात काय काय गेलं, आणि ते कोणी कोणी दिलं, असं विचारलं. आता स्वतः म्हातारा झालो आहे. मलाही हाडांच्या गोळ्या आहेत, पित्ताची औषधं आहेत, सून काढा देते, नातू कुठून तरी ताकदीची पावडर आणतो. प्रत्येकाचं प्रेम वेगळ्या डब्यात येतं. ते सगळे डबे मी पिशवीत घालून डॉक्टरांपुढे एकदम ठेवतो, आणि कोणताही 'हे औषध थोडीच आहे' म्हणून घरी ठेवत नाही. वाचकांनीही तसंच करावं. दूध चांगलं, चुनाही चांगला असेल, खारही. पण एकाच पोटात ते एकमेकांशी कसं वागतील हे घरातल्या कोणालाच माहीत नसतं.

दुसरं जे शिकलो ते उशिरा शिकलो. मागच्या वर्षी शेगावला दर्शनाला गेलो होतो. प्रसादाच्या रांगेत पुढचा गृहस्थ त्याच गावचा निघाला, वयाने माझ्याहून खूप लहान. शाळेच्या गोष्टी निघाल्या आणि तो कौतुकाने म्हणाला, "आमाले एक बाई होत्या, लय चांगल्या शिकवत. पन म्हनतात, लग्नानंतर सासऱ्याले धोत्रा देल्ल्याच्या केशीत होत्या. कशा तरी सुटल्या."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. चावडीवरची भाकरी त्याच्या जन्माआधीची. जीप मात्र गावाच्या आठवणीत राहिली होती, आणि ती जीप माझी होती. रांग सरकेपर्यंत मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. पण एका माणसाला सांगून भागत नाही, म्हणून हे लिहिलं.

त्या बाई सुटल्या नव्हत्या. सुटायला आधी अडकावं लागतं. त्यांनी सासऱ्याला भुकेच्या वेळी दूध दिलं होतं, एवढंच.